बीड ठेवायचं की नळ्या बसवायच्या?

उत्साही : गाडी १९९७ ची शेवरोले पिकअप, इंजिन ५.७ लिटरचं व्होर्टेक व्ही-८. सकाळी थंड असताना सुरू केली की डावीकडून टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापलं की थांबते. टॉर्च घेऊन वाकून पाहिलं, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी मागच्या बोल्टचं डोकंच जागेवर नाही. त्या टोकाला सिलिंडर हेडवर काजळीचा काळा पट्टा उठला आहे, म्हणजे जळालेला वायू फटीतून बाहेर येतोय यात शंका नाही. बोल्टचं थोटूक काढायला मॅनिफोल्ड उतरवावाच लागणार. मग मॅनिफोल्डचं हेच जाडजूड बीड पुन्हा चढवण्यात काय हशील? एवढी खटपट करायचीच आहे, तर दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड कायमचे काढून त्या जागी नळ्यांचे हेडर बसवावेत. गळतीही जाईल आणि इंजिनाची ताकदही वाढेल. जुन्या गाडीवर हात घातलाच आहे, तर ती होती त्यापेक्षा बरी करून का सोडू नये?

साशंक : तुमच्या बोलण्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. बोल्ट तुटला हा बिघाड आहे. ताकद हवी ही इच्छा आहे. इच्छेत गैर काही नाही, पण बिघाडाचा दाखला देऊन तिची बाजू मांडू नका. बोल्ट का तुटला ते आधी पाहू. अर्ध्या मीटरच्या बिडाच्या तुकड्याचं तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढलं, तर तो अडीच-तीन मिलिमीटर लांबतो. ज्या हेडवर तो आवळलेला आहे, त्यात पाणी खेळतं. हेड शंभर अंशांच्या आसपासच राहतं आणि तेवढ्याच लांबीत जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. म्हणजे प्रत्येक खेपेला मॅनिफोल्ड हेडवरून सरकतो, गार झाला की परत येतो. मधल्या बोल्टपाशी ही सरक कमी, टोकाला सर्वांत जास्त. म्हणून टोकाचे बोल्ट आधी जातात. त्यातही मागे हवा खेळत नाही, उष्णता कोंडते, त्यामुळे मागचा बोल्ट पहिला बळी. पाव शतकाहून अधिक काळ हे चाललंय. यात मॅनिफोल्डचा आकार वाईट होता असं कुठे सिद्ध होतं? आणि हेडरही धातूचाच आहे. तोही तापून वाढणारच.

उत्साही : तोही वाढणार, मान्य. पण आकाराला दोष नाही हे मान्य नाही. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे सिलिंडर डावीकडे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, आठ ठिणग्या पडतात, दर ९० अंशांवर एक. आता फक्त डावी बाजू मोजा. १ नंतर २७० अंशांनी ३, मग १८० अंशांनी ५, आणि लगेच ९० अंशांवर ७. म्हणजे ५ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतानाच शेजारच्या ७ चा व्हॉल्व्ह उघडतो. ७ मधून सुटलेला दाबाचा झोत त्याच आखूड पोकळीत शिरतो आणि ५ च्या दाराशी जाऊन धडकतो. अरुंद जिन्यात एक माणूस उतरत असताना दुसऱ्याने मागून ढकलत यावं, तशी अवस्था. उजवीकडे ८ आणि ४ चं हेच. लांब नळ्यांच्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट मिळते. चार नळ्या पाऊण मीटरभर वेगळ्या धावून मगच कलेक्टरमध्ये एकत्र येतात. तिथे नळी एकदम रुंद होते, त्यामुळे कमी दाबाची लाट उलट सिलिंडरकडे येते. ती वेळेवर पोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते. हे भौतिकशास्त्र आहे. कंपनीच्या अभियंत्यांना ते ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? बीड ओतायला स्वस्त, जागा कमी खातं, आवाज दाबतं, म्हणून त्यांनी ते निवडलं. ती त्यांची तडजोड होती. मी ती जन्मभर का पाळावी?

साशंक : तडजोड होती, पण कशाकशाची, ते नीट पाहा. या इंजिनाची कमाल ताकद २५५ अश्वशक्ती, ती मिनिटाला ४६०० फेऱ्यांना मिळते. कमाल टॉर्क ३३० पौंड-फूट, तो २८०० फेऱ्यांना. हे दोन आकडेच सांगतात की इंजिन ओझं ओढायला बांधलंय. तुम्ही म्हणता ती लाट कामाला येते ते इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तेवढ्या क्षणात. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये हा काळ मोठा ठेवतात. तुमच्या पिकअपचा कॅमशाफ्ट सौम्य आहे, तिथे तो अगदी थोडा. म्हणजे हेडर जे देऊ करतो, ते घ्यायला इंजिनाचे हात आखडलेले. पुढचंही बघा. हेडरनंतर मूळचेच पाइप, मूळचाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मूळचाच सायलेन्सर. अडचण तिथे असेल, तर अलीकडे कितीही मोकळी वाट केली तरी पलीकडे गर्दी तीच. मग म्हणाल, सायलेन्सरही बदलू, पाइपही बदलू, कॉम्प्युटरचं ट्यूनिंगही करू. मी नाही म्हणत नाही. पण मग खर्चाच्या कागदावर हे सगळं आजच मांडा. एका बोल्टच्या निमित्ताने सुरू झालेलं काम कुठे जाऊन थांबणार, हे काम सुरू करण्याआधी माहीत हवं.

उत्साही : एक गैरसमज आधीच दूर करू, कारण जुन्या मॅनिफोल्डची बाजू घेताना तो हमखास पुढे येतो. इंजिनाला मागचा दाब थोडा तरी लागतो, नाहीतर खालच्या फेऱ्यांना ताकद जाते, असं लोक म्हणतात. इंजिनाला मागचा दाब कधीच नको असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग. गरजेपेक्षा रुंद नळ्या बसवल्या की वेग मंदावतो, लाटेची वेळ चुकते, खालचा टॉर्क पडतो, आणि लोक दोष देतात मोकळेपणाला. म्हणून मी शर्यतीच्या मापाच्या नळ्या मागत नाही. या इंजिनाला रस्त्यावर सव्वा-दीड इंचाहून थोड्या मोठ्या, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाच्या नळ्या शोभतात. राहिला प्रश्न ही ताकद कुठे वापरायची याचा. मी मागे ट्रेलर लावतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये जाते, तेव्हा इंजिन तीन ते चार हजार फेऱ्यांत फिरत असतं. तुमचे २८०० सपाट रस्त्याला लागू पडतात, चढाला नाही. आणि त्याच चढावर बिडाच्या कोंडलेल्या वाटेत उष्णता साठते, व्हॉल्व्हला ती सोसावी लागते. तुम्हाला एक सवलतही देतो. शॉर्टी म्हणतात ते आखूड नळ्यांचे हेडर या बाबतीत फारसं काही देत नाहीत. नळ्या वितभर लांबीत एकत्र आल्या, तर लाटेला वेळच मिळत नाही. तेव्हा मी बोलतोय ते लांब नळ्यांबद्दल.

साशंक : नेमकं तिथेच तुम्ही अडचणीत येता. लांब नळ्यांचा कलेक्टर खाली आणि मागे जातो, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागे सरकवावा लागतो. तो तापल्याशिवाय काम करत नाही, आणि इंजिनापासून लांब गेला की तापायला जास्त वेळ घेतो. थंड इंजिनाची पहिली काही मिनिटंच सर्वांत घाण असतात. आपण ओहायोत राहतो. इथली ई-चेक ही धुराची तपासणी ईशान्येच्या सात काउंट्यांपुरती आहे आणि पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्या तिच्यातून सुटतात. म्हणून तुम्हाला कुणी विचारणार नाही. पण तपासणी नाही म्हणजे कायदा नाही असं नव्हे. प्रदूषण रोखणारं साधन काढणं किंवा निकामी करणं १९९० च्या दुरुस्तीपासून क्लीन एअर ॲक्टने गाडीच्या मालकालाही मना केलंय, आणि कन्व्हर्टरची जागा बदलणं त्याच गुंत्यात येतं. हीच गाडी कॅलिफोर्नियात असती, तर तपासणीला उभी राहिली असती. तिथे १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना जुनेपणाची सूट नाही आणि हेडरला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक लागतो. असा क्रमांक मिळालेले हेडर बहुतेक शॉर्टी असतात, म्हणजे ज्यांत फारसा दम नाही असं तुम्ही स्वतःच म्हणालात तेच. म्हणजे जे कायद्यात बसतं ते तुम्हाला हवं तेवढं देत नाही, आणि जे देतं ते कायद्यात बसवणं अवघड.

उत्साही : कायद्याचा मुद्दा बिनतोड आहे. कुणी बघत नाही म्हणून धूर सोडायचा, हे मला पटणार नाही. कन्व्हर्टर मूळ जागी ठेवता येत नसेल, तर लांब नळ्यांचा हट्ट मी सोडतो. पण मग मला सांगा, मूळ मॅनिफोल्डवर तुमचा एवढा भरवसा कशाच्या जोरावर? ते बीड इतकी वर्षं तापून गार झालंय. त्याला पीळ बसला असणार. कदाचित टोकाशी केसासारखी चीरही असेल. ते काढताना आणखी दोन बोल्ट तुटले, तर? नवीन ओतीव मॅनिफोल्ड बाजारात मिळतात, पण सगळ्यांचं ओतकाम सारखं नसतं. काही पातळ, काहींची तोंडं धड तासलेली नसतात. म्हणजे बीड म्हटलं की टिकाऊ, हे समीकरण आपोआप खरं ठरत नाही. ३०४ स्टेनलेसच्या नळ्या आणि हेडला टेकणारा जाड फ्लँज घेतला, तर तोही वर्षानुवर्षं टिकेल. जुनं आहे एवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही.

साशंक : जुनं म्हणून चांगलं, असं मीही म्हणणार नाही. पण नळ्या म्हणजे पुढचं पाऊल, हेही आपोआप खरं नाही. जीपचं ४.० लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घ्या. नव्वदच्या दशकातल्या त्या इंजिनाला कंपनीनेच नळ्यांचा मॅनिफोल्ड दिला होता. जोडांपाशी तो तडकतो, ही त्या गाड्यांची नेहमीची तक्रार. २००० पासून त्यांनी दोन तुकड्यांचा बिडाचा मॅनिफोल्ड बसवला. दोन तुकडे, म्हणजे प्रत्येकाची लांबी कमी आणि सरकही कमी. उलट फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटनमध्ये मॅनिफोल्ड बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. तिथे स्टड तुटणं ठरलेलं. तेव्हा बीड की नळ्या हा खरा प्रश्नच नाही. जोडाला सरकायला जागा आहे का, फ्लँज पुरेसा जाड आहे का, आणि दोन्ही बाजूंच्या धातूंचं जमतं का, हे प्रश्न खरे. तुमच्या इंजिनात हेडही बिडाचं आणि मॅनिफोल्डही बिडाचा. एवढी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. ती सोडताना विचार करा.

आता हेडर बसवल्यावरचे रोजचे हाल. पातळ नळी उष्णता भोवती फेकते. स्पार्क प्लगच्या तारांची टोपणं करपतात, स्टार्टर भाजतो. उष्णता अडवायला नळ्यांना पट्टी गुंडाळली, तर ती ओल धरून ठेवते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात साधं पोलाद आतून-बाहेरून खाल्लं जातं. शिवाय या इंजिनाच्या डाव्या मॅनिफोल्डवरून ईजीआरची, म्हणजे थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी, नळी निघते. ती जोडायला हेडरवर तोंड नसेल, तर आणखी एक प्रदूषणरोधक साधन बंद पडलं.

उत्साही : यातल्या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे, आणि तो उपाय करताना माणूस आपल्या गाडीची रचना शिकतो. तुम्ही त्याला हाल म्हणता, मी ओळख म्हणतो. पण ते राहू द्या. मला टोचतं ते वेगळंच. समजा मी तुमचं ऐकलं. बोल्ट काढला, जुनंच बीड चढवलं. दोन वर्षांनी दुसऱ्या टोकाचा बोल्ट तुटला. पुन्हा तेच जाम बोल्ट, पुन्हा तीच मेहनत. या कामात सुटे भाग स्वस्त, महाग असते ती मजुरी आणि जोखीम. ती एकदाच उचलायची असेल, तर त्या एका खेपेत जास्तीत जास्त मिळवावं. त्यात अविचार कुठला?

साशंक : मजुरी एकदाच द्यायची, हे बरोबर. पण त्यावरून हेडर बसवावा हे ठरत नाही. त्यावरून ठरतं ते एवढंच की काम नीट करावं. नीट म्हणजे कसं, ते सांगतो. आदल्या दिवसांपासून सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत राहायचं. खोलताना जोर न लावता थोडं पुढे, थोडं मागे करायचं, आणि हटलाच नाही तर टॉर्चने तापवायचा. तुटलेल्या थोटकाचं टोक हेडबाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायचा. वेल्डच्या तापाने आट्यांतला गंज सुटतो आणि लाल नट गार होत असताना पाना लावला की थोटूक बहुधा वळायला लागतं. ते आतच तुटलं असेल, तर मात्र बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या आट्याच्या ड्रिलने हळूहळू भोक पाडायचं. इथे घाई केली, तर हेडचेच आटे जातात. मग मॅनिफोल्ड टेबलावर उलटा ठेवून त्याच्या तोंडांवर सरळ पट्टी धरायची आणि खाली फीलर गेजची पाती सरकवून बघायची. पाव मिलिमीटरची पाती सहज गेली, तर तोंडं मशिनवर तासून घ्यायची. चीर असेल, तर बीड बाद. आणि हेडरला लावाल तोच न्याय इथेही लावायचा. बोल्ट सगळे नवे, गॅस्केट चांगलं, आवळणी मधल्या बोल्टपासून टोकांकडे. हे सगळं केल्यावर दोन वर्षांत दुसरा बोल्ट तुटेलच, असं का धरून चालता?

उत्साही : ही पद्धत मला मंजूर आहे. पट्टी काय सांगते ते आधी पाहायला हवं, हे मी सुरुवातीला म्हणायला हवं होतं. पण ती पट्टी तुमच्या बाजूने कौल देईलच, असं नाही. आणि गळती ही साधी टिकटिक नाही, हे तुम्हीही विसरू नका. वायूचा झोत बाहेर पडतो तशी दोन झोतांमधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे ऑक्सिजन सेन्सर बसलाय. त्याला ही हवा लागली की मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं तो कळवतो, आणि कॉम्प्युटर नसलेली उणीव भरून काढायला जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे चुकलेल्या एका फटीमुळे इंधन वाया, धूर जास्त आणि कन्व्हर्टरचं आयुष्य कमी. तासलेलं जुनं बीड ही फट कायमची बंद ठेवेल, याची खात्री तुम्ही देऊ शकता का?

साशंक : नाही. हेडरबद्दलही तुम्ही देऊ शकत नाही. पातळ फ्लँज वाकतो, नवे हेडर बसवल्यावर थोड्या दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, हे हेडर विकणारेही सांगतात. म्हणून तुमची इच्छा खरी असेल, तर तिला दुरुस्तीच्या पांघरुणाखाली आणू नका. मला चढावर आणखी जोर हवा, त्यासाठी मी हेडर, पाइप, ट्यूनिंग असा पूर्ण खर्च करतो, कन्व्हर्टर आणि ईजीआर दोन्ही चालू ठेवतो, जास्तीचा आवाज आणि उष्णता सोसतो, असं मोकळेपणाने म्हणा. तसं म्हणाल, तर माझे निम्मे आक्षेप मी मागे घेईन.

उत्साही : तर मग माझी बाजू आता अशी. बीड सपाट आणि अखंड निघालं, तर हेडर ही निव्वळ इच्छा आहे, आणि इच्छेचा पूर्ण हिशेब मला मांडावा लागेल. बीड तडकलेलं निघालं, तर नवं बीड की मान्यता क्रमांक असलेला शॉर्टी, या दोघांत मी शॉर्टीकडे झुकेन. ताकद थोडीच वाढली तरी चालेल, पण फ्लँज आणि धातू मी पारखून घेऊ शकतो. एका मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. कंपनीने तडजोड केली ती लाखो गिऱ्हाइकांसाठी. त्यात सपाट रस्त्यावरचा माणूसही होता आणि चढावरचाही. मी एकटा आहे, माझा रस्ता मला माहीत आहे. तेव्हा माझी तडजोड कंपनीपेक्षा वेगळी असण्यात उद्धटपणा नाही.

साशंक : उद्धटपणा नाही, पण त्यात एक गृहीतक लपलंय. गाडी कायम तुमच्याकडे राहील आणि तुमचा रस्ता बदलणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. ही पिकअप जशी तुमच्याकडे आली, तशी उद्या दुसऱ्याकडे जाईल. तो खेड्यातल्या एखाद्या गॅरेजमध्ये नेईल. तिथल्या मेकॅनिकला मूळ मॅनिफोल्ड डोळे मिटून खोलता येतो. तुमच्या हेडरला कोणतं गॅस्केट लागतं, हे त्याला शोधावं लागेल. लाखोंसाठी केलेल्या तडजोडीत तो पुढचा मालकही धरलेला असतो. तुमच्या एकट्याच्या तडजोडीत तो नाही. म्हणून बीड तडकलं तर मी नवं बीडच घेईन, तोंडं तपासून घेईन, गरज पडली तर तासून घेईन. आणि बदल केलाच, तर मूळ मॅनिफोल्ड भंगारात न देता जपून ठेवा, एवढं तरी माझं ऐका.

उत्साही : जपून ठेवीन. पण ज्या माणसाला मी अजून पाहिलं नाही, त्याच्या सोयीसाठी आज चढावर गाडी अडखळू द्यायची का, हा प्रश्न तुमच्या उत्तराने सुटत नाही.

साशंक : सुटत नाही. आणि आजच्या चढापुरतं पाहून जुनं यंत्र कायमचं बदलावं का, हा प्रश्न तुमच्याही उत्तराने सुटत नाही. मॅनिफोल्ड सपाट आहे की नाही, ते पट्टी सांगेल. गाडी कुणासाठी जपायची हे आपल्यालाच ठरवावं लागेल, आणि तिथे आपलं अजून एकमत नाही.